गणितात बीएस्सी कोल्हापुरात की बाहेर? आणि पुढं काय?

तिसरी_गल्ली (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. भाची अकरावी सायन्सला आहे, पीसीएम. इंजिनिअरिंग नको, गणितच शिकायचं, असं ठरवून बसली आहे. त्यामुळे "तिला समजवा" छापाचे सल्ले कृपया नकोत. प्रश्न पुढचा आहे. बारावीनंतर इथंच राजाराम, विवेकानंद, न्यू कॉलेज अशा कुठंतरी बीएस्सी करून एमएस्सीसाठी आयआयटीची प्रवेश परीक्षा, जॅम, द्यावी, की बारावीतच बाहेरच्या संस्थांच्या परीक्षा देऊन थेट तिकडं जावं? गणिताच्या जोडीला दुसरा विषय कुठला? आणि मास्तरकी सोडून पुढं काय असतं? परीक्षा, गुण, कुठं अडतं, असं नेमकं सांगा.

ऊसदर
इंजिनिअरिंग नको म्हणणारी पोरगी आणि ती पण कोल्हापुरात? आधी हार-नारळ घेऊन येतो, मग बोलू.

निर्धारक
बारावीतून थेट जायचं तर मुख्यतः तीन दारं, आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा.

पहिली दोन म्हणजे चेन्नईचं सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) आणि आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट). आयएसआयचं बी.स्टॅट कोलकात्याला, बी.मॅथ बंगळुरूला. परीक्षा साधारण मे महिन्यात. अभ्यासक्रम बारावीपर्यंतचाच म्हणतात, पण नंबर थिअरी, मोजणीचे प्रश्न, बहुपदी, असमानता यांवर भर असतो, जो आपल्या बोर्डात जवळजवळ नाही. आणि दोन्हीकडं एक भाग पूर्ण सिद्धता लिहिण्याचा असतो. सीईटीच्या सवयीची मुलं तिथंच अडकतात. "कुठल्याही पूर्णांकाच्या घनातून तोच पूर्णांक वजा केला तर उरलेल्याला ६ ने भाग जातो हे दाखवा" म्हटलं की १, २, ३, ४ घालून बघतात आणि खाली "म्हणून सिद्ध" लिहून मोकळी होतात. त्याला गुण नाहीत. ती राशी म्हणजे तीन लागोपाठच्या पूर्णांकांचा गुणाकार आहे, त्यात एक तरी सम आणि एक नेमका ३ ने भाग जाणारा, एवढ्या दोन ओळी हव्यात.

तिसरं दार आयसर, विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्था, आपल्याला जवळचं पुण्याचं. पाच वर्षांचं बीएस-एमएस. परीक्षा आयएटी: ६० प्रश्न, ३ तास, भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र यांचे १५-१५. बरोबरला ४, चुकीला वजा १, एकूण २४०. पीसीएमवाल्यांचे जीवशास्त्राचे ६० गुण तसेच सोडले जातात. सगळं जीवशास्त्र करायची गरज नाही. एनसीईआरटीतली पेशी, अनुवंशशास्त्र आणि परिसंस्था ही प्रकरणं नीट वाचली तर त्यातले काही प्रश्न हाताला लागतात. मात्र आयसरला सुरुवातीला सगळीच शास्त्रं शिकावी लागतात. केवळ गणित हवं असणाऱ्याला प्रयोगशाळेच्या वह्या लिहिताना कंटाळा येऊ शकतो.

अकरावीत आहे म्हणजे आयओक्यूएमलाही वेळ आहे. गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी, साधारण सप्टेंबरात. ३० प्रश्न, ३ तास, १०० गुण, उत्तर ०० ते ९९ मधली पूर्ण संख्या. पुढं आयएनएमओपर्यंत (राष्ट्रीय फेरी) गेलं आणि तिथं निवड झाली तर आयएसआयची लेखी परीक्षा टळते, थेट मुलाखत. नाही गेलं तरी तो अभ्यास सीएमआय-आयएसआयला जसाच्या तसा उपयोगी पडतो.

गंगावेश_नाका
वाखुसा (वाचनखूण साठवली). सिद्धता लिहायचा सराव इथं कोण करून घेतं पण?

निर्धारक
@गंगावेश_नाका, कोणी करून घेण्यापेक्षा तपासणारा हवा. लिहिलेली सिद्धता दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला वाचायला द्यायची. वाचणाऱ्यानं प्रत्येक ओळीला "कशावरून?" एवढंच विचारायचं. वाचणारा गणितातला असायलाही लागत नाही. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेलं, ते ऑलिंपियाडसाठी प्रसिद्ध आहे. पण दर आठवड्याला पुणे गाठणं बारावीत परवडत नाही.

सागरमाळ
निर्धारक यांच्या माहितीशी सहमत, रोखाशी नाही. "थेट बाहेर" हा मार्ग चांगला आहे, पण जागा मोजक्या आणि परीक्षा बारावी बोर्डाच्या ऐन धामधुमीनंतर. तो एकच बेत ठेवू नये. कोल्हापुरात बीएस्सी करणं म्हणजे मागं पडणं नव्हे. राजाराम कॉलेज १८८० पासूनचं आहे, विद्यापीठात गणित आणि संख्याशास्त्र असे दोन वेगळे अधिविभाग आहेत, ग्रंथालय आहे. (नारळीकर पितापुत्र दोघेही जन्मानं कोल्हापूरचेच. लगेच "मातीतच आहे" म्हणू नका, दोघांनाही शिकायला बाहेर जावं लागलं.)

अडचण वेगळीच आहे. आपल्याकडची पदवी परीक्षा पाठांतरावर पास होता येते. "प्रमेय लिहा व सिद्ध करा" हा प्रश्न ठरलेला, प्रमेयं ठरलेली. मुलं सिद्धता पाठ करतात, गुणही पडतात, आणि जॅमचा पेपर उघडल्यावर कळतं की तिथं एकही सिद्धता विचारलेली नाही, तरी सुटत काही नाही.

त्यावर उपाय असा. प्रत्येक प्रमेय वाचून झालं की त्यातली एकेक अट काढून टाकायची आणि काय बिघडतं ते बघायचं. बंद आणि मर्यादित अंतरालावरचं सतत फलन आपलं महत्तम मूल्य गाठतं, हे प्रमेय घ्या. "बंद" काढा: ० ते १ या खुल्या अंतरालावर १ भागिले क्ष, वर सुटत जातं. "मर्यादित" काढा: ० पासून अनंतापर्यंत नुसतं क्ष, महत्तम नाही. "सतत" काढा: तुम्ही शोधा. प्रत्येक प्रमेयाला अशी तीन-चार उदाहरणं झाली की ते पाठ करावं लागत नाही.

ऊसदर
सतत काढा: आमच्याकडची वीज.

प्राजक्ता_कागल
दुसऱ्या विषयाबद्दल. नव्या धोरणात मेजर आणि मायनर अशी रचना आहे, आणि पहिल्या वर्षी न घेतलेला विषय पुढं मायनर म्हणून मिळवणं अवघड जातं. म्हणून हा निर्णय प्रवेशाच्या दिवशीच होतो, "बघू नंतर" चालत नाही. माझं मत संख्याशास्त्र. एक कारण तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं: यूपीएससीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसला पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो, किंवा एमएस्सी संख्याशास्त्रात हवी. शुद्ध गणितात सुवर्णपदक असलं तरी अर्ज बाद.

पेठेतला_पैलवान
कॉम्प्युटर घ्या की मग. नोकरी तिकडंच हाय सगळी.

प्राजक्ता_कागल
@पेठेतला_पैलवान, पायथन बाहेर शिकता येतं, त्याला पदवीतली जागा खर्च करायला नको. संभाव्यता आणि अनुमानशास्त्र स्वतःहून शिकणारी मुलं फार थोडी. डेटाच्या नोकरीत मुलाखतीला अडतं तेही तिथंच: रिग्रेशनची आज्ञा सगळ्यांना चालवता येते, पण दोन चलं एकमेकांशी घट्ट बांधलेली असली की सहगुणक का डळमळतात, हे सांगता येत नाही. ते लिनिअर अल्जेब्रा आहे, मॅट्रिक्स जवळजवळ सिंग्युलर होते. एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) मात्र जरूर शिकावं, ते महिन्याभराचं काम आहे. एमसीए करायचं तर सीईटी देऊन नंतरही जाता येतं, गणित असल्यावर तिथं अडत नाही.

सागरमाळ
भौतिकशास्त्राची बाजू कोणी घेत नाही म्हणून मी घेतो. डिफरन्शियल इक्वेशन्स आणि मल्टिव्हेरिएबल कॅलक्युलस कशासाठी आहे, हे भौतिक शिकताना कळतं. संशोधनात जायचं असेल तर वाईट जोड नाही. पण नोकरीचा हिशेब असेल तर प्राजक्ताताई म्हणतात तेच.

एप्सिलॉन_राव
जॅमबद्दल (गणित, पेपरचा कोड एमए) सविस्तर लिहितो, कारण धागा तिकडं जाणारच आहे.

३ तास, ६० प्रश्न, १०० गुण. अ विभागात ३० बहुपर्यायी: १० एका गुणाचे, २० दोन गुणांचे, आणि चुकीला अनुक्रमे एक-तृतीयांश व दोन-तृतीयांश गुण कमी. ब विभागात १० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात. चुकीला वजा नाही, पण नेमके सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण, अर्धे गुण नाहीत. क विभागात २० प्रश्न, उत्तर संख्येत भरायचं, १० एका गुणाचे, १० दोनचे, वजा गुण नाहीत. परीक्षा फेब्रुवारीत, अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास.

म्हणजे ब आणि क मिळून ५० गुणांना वजा गुणांची भीती नाही. तरी बहुतेक मुलं पहिला दीड तास अ विभागावर घालवतात, कारण तो पहिला दिसतो. क विभाग आधी सोडवावा. तिथं प्रश्न बरेचसे सरळ मोजणीचे असतात.

अभ्यासक्रमात कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस नाही, टोपोलॉजी नाही. सीक्वेन्स-सिरीज, एका आणि अनेक चलांचं कॅलक्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, लिनिअर अल्जेब्रा, ग्रुप थिअरी. एवढंच, पण खोल. आणि ब विभागाचा जीव काउंटरएक्झाम्पलमध्ये आहे. त्यांची वेगळी वही करावी. काही नमुने:

मालिकेचं पद शून्याकडं जातं म्हणून मालिका अभिसारी होत नाही, हे सगळ्यांना माहीत. पण १ भागिले (न गुणिले लॉग न) अपसारी, आणि खाली लॉगचा वर्ग केला की अभिसारी, हे जोडीनं लक्षात हवं. इथं रेशो टेस्टचं उत्तर १ येतं, ती निरुपयोगी. कॉशीची कंडेन्सेशन टेस्ट लावायची.

डेरिव्हेटिव्ह मर्यादित असेल तर फलन युनिफॉर्मली कंटिन्युअस. उलट खरं नाही: क्ष चं वर्गमूळ ० पासून अनंतापर्यंत युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे, पण शून्याजवळ डेरिव्हेटिव्ह सुटतं. आणि मर्यादित व सतत असून युनिफॉर्म नसलेलं हवं तर साइन क्ष-वर्ग.

(क्ष गुणिले य) भागिले (क्षवर्ग अधिक यवर्ग), शून्यबिंदूवर किंमत ०. दोन्ही पार्शल डेरिव्हेटिव्ह तिथं आहेत, फलन सतत नाही.

आयगेनव्हॅल्यू पुन्हा पुन्हा आली म्हणजे मॅट्रिक्स डायगोनलाइज होत नाही, असं नाही. आयडेंटिटी मॅट्रिक्सच घ्या.

लाग्रांजच्या प्रमेयाचं उलट: ए-४ मध्ये १२ घटक, ६ चा उपगट नाही.

यातली युनिफॉर्म कंटिन्युइटी तर मुळात शब्दक्रमाचा प्रश्न आहे. "प्रत्येक बिंदूला, प्रत्येक एप्सिलॉनला, एक डेल्टा" आणि "प्रत्येक एप्सिलॉनला एक डेल्टा, जो प्रत्येक बिंदूला चालतो". डेल्टा कशावर अवलंबून आहे एवढं प्रत्येक वेळी लिहायची सवय लावली की निम्मं अ‍ॅनालिसिस सुटतं.

पेठेतला_पैलवान
एवढं सगळं घरी कोण करतंय राव? सरळ जॅमचा क्लास लावा. ऑनलाइन ढीगभर आहेत.

एप्सिलॉन_राव
@पेठेतला_पैलवान, क्लासला विरोध नाही, वेळेला आहे. पहिल्या वर्षापासून लावला तर मूल युक्त्या शिकतं, व्याख्या नाही. दुसऱ्या वर्षाअखेर लिनिअर अल्जेब्रा आणि ग्रुप थिअरी स्वतः एकदा पूर्ण व्हायला हवी. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात जुने पेपर, घड्याळ लावून, आठवड्याला एक. जॅम फेब्रुवारीत आणि शेवटचं सत्र तेव्हा नुकतंच सुरू झालेलं असतं, म्हणून डिसेंबरनंतर नवीन काही उघडायचं नाही. याच्या जोडीला क्लास हवा असेल तर लावा.

बिंदूचौक
मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांना इंग्रजीची अडचण येते का? जॅम फक्त इंग्रजीतच असते ना?

सागरमाळ
हो, फक्त इंग्रजीत. शब्दसंग्रह दोन-तीनशे शब्दांपलीकडं जात नाही, ती भीती नाही. गोची छोट्या शब्दांची. 'इफ', 'ओन्ली इफ', 'देअर एक्झिस्ट्स', 'फॉर ऑल', 'अ‍ॅट मोस्ट', 'अ‍ॅट लीस्ट'. 'ओन्ली इफ' म्हणजे बाण कुठल्या दिशेला, हे चुकलं की प्रश्न चुकला. पहिल्याच सत्रात प्रत्येक विधानाचं नकारार्थी विधान लिहायचा सराव करावा. "सतत नाही" म्हणजे नेमकं काय, हे एप्सिलॉन-डेल्टात लिहून दाखवा म्हटलं तर एमएस्सीची मुलंही थबकतात.

आणि दोन गोष्टी. पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धा असते, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाच्या गणित विभागाकडून. आणि एमटीटीएस, १९९३ पासून चालू असलेलं उन्हाळी शिबिर, चार आठवडे, निवास-भोजन त्यांचंच. तिथं शिक्षक फळ्यावर सिद्धता लिहून देत नाहीत, मुलांकडून काढून घेतात. दुसऱ्या वर्षी हे शिबिर मिळालं तर जॅमची अर्धी तयारी झालीच.

करवीर_सेतू
अभ्यासाचं सगळं झालं, कागदाचं कोणी बोलेना. केंद्रीय संस्थांना आरक्षणाची प्रमाणपत्रं केंद्राच्या नमुन्यात, इंग्रजीत लागतात. राज्याचं नॉन क्रीमी लेयर तिथं चालत नाही, वेगळं काढावं लागतं. एसईबीसीचं (राज्याच्या मराठा आरक्षणाचं) प्रमाणपत्र केंद्रीय संस्थांत अजिबात चालत नाही. त्या मुलांना ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल गट) बघावं लागतं, आणि त्यात अट आहे: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेतजमीन ५ एकरांच्या आत. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव असेल, वाटण्या झालेल्या नसतील, तर तहसीलदार कचेरीत खेटे पडतात. प्रमाणपत्राची तारीखही पत्रकात दिलेल्या मुदतीतलीच लागते, मागच्या वर्षीचं टाकलं की अर्ज खुल्या गटात जातो. हे काम एप्रिल-मेमध्ये करून ठेवा, ऑक्टोबरात नको.

ऊसदर
पाच एकरांच्या आत ऊस आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न. दर बघता दुसरी अट आपोआप पूर्ण होते.

विमागणित
मास्तरकी सोडून काय, याचं एक उत्तर, विम्यातल्या जोखमीचा हिशेब करणारा, म्हणजे अ‍ॅक्चुअरी. प्रवेश परीक्षा एसीईटी, बारावीनंतर देता येते. ३ तास, ७० प्रश्न, १०० गुण, पास व्हायला ५०. गणित, संख्याशास्त्र, डेटा, इंग्रजी, तर्क. ती सोपी आहे, तिच्यावर खूश होऊ नये. खरं डोंगर चढणं पुढच्या पेपरांत. सीएस-१ म्हणजे संख्याशास्त्र, सीएम-१ म्हणजे चक्रवाढ व्याज ते आयुर्विम्याचं गणित. दोन्हींना अ आणि ब असे दोन भाग, ब भाग संगणकावर: सीएस-१ चा आर भाषेत, सीएम-१ चा एक्सेलमध्ये. गणिताची मुलं अ भाग काढतात आणि ब भागात वेळ संपून बसतात, कारण एक्सेलला हात लावलेला नसतो. पदवी करता करता दोन-तीन पेपर निघाले तर मुंबईत विमा कंपन्यांत सुरुवात मिळू शकते. सगळे पेपर व्हायला मात्र वर्षं जातात, आणि नोकरी सांभाळून जातात. ज्याला सिद्धतेत रस आहे त्याला हे रुक्ष वाटेल, हेही सांगून ठेवतो.

घड्याळी_तासिका
मास्तरकीला एवढं नाक मुरडू नका, पण डोळे उघडे ठेवून या. शाळेत जायचं तर बीएस्सी, बीएड, मग टीईटी, टेट या शिक्षक परीक्षा, आणि शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. ज्युनिअर कॉलेजला एमएस्सी-बीएड. सीनिअरला एमएस्सीत ५५ टक्के आणि नेट किंवा सेट (प्राध्यापक पात्रता परीक्षा, नेट देशाची, सेट राज्याची). सेट पुणे विद्यापीठ घेतं: पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण, वजा गुण नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सेटला फेलोशिप नसते. आणि सेट झाली म्हणजे कायम जागा मिळते असं नाही, माझं नाव वाचा.

एप्सिलॉन_राव
नेटचं (सीएसआयआर) गणित वेगळं. एकूण २०० गुण. भाग अ: २० पैकी १५ सोडवायचे, प्रत्येकी २. भाग ब: ४० पैकी २५, प्रत्येकी ३. भाग क: ६० पैकी २०, प्रत्येकी ४.७५, सगळे बरोबर पर्याय निवडले तरच, वजा नाही. अ आणि ब ला पाव हिश्श्यानं वजा. क चे ९५ गुण म्हणजे जवळजवळ निम्मा पेपर. अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा, कॉम्प्लेक्स आणि अल्जेब्रा एवढं पक्कं असेल तर उरलेल्यातून एखादंच निवडून २० प्रश्न भरतात. सगळा अभ्यासक्रम उरकायच्या नादात मुलं मेकॅनिक्सपासून संख्याशास्त्रापर्यंत थोडं थोडं करतात आणि क मध्ये प्रत्येक प्रश्नाचा एक पर्याय चुकतो.

तिसरी_गल्ली (धागाकर्ता)
सर्वांचे मनापासून आभार, प्रिंट काढून भाचीला दिलं. तिनं दोन प्रश्न पाठवलेत. सीएमआय-आयएसआयला बसावं की नाही हे कसं ठरवायचं? आणि कोल्हापुरात राहिलीच तर बीएस्सी तीन वर्षांची की चार?

निर्धारक
पहिल्याचं उत्तर: जुने पेपर संस्थांच्या संकेतस्थळांवर आहेत. सिद्धतेच्या भागातला एक पेपर घेऊन पूर्ण वेळ बसायचं, उत्तरं न बघता. बारावीच्या दिवाळीपर्यंत एका पेपरातले दोन प्रश्न पूर्ण, "कशावरून?" ला टिकतील असे लिहिता यायला लागले तर अर्ज भरावा. शून्यावरच राहिलं तर बोर्डाकडं लक्ष द्यावं आणि सागरमाळ यांचा मार्ग धरावा. आयसरची परीक्षा दोन्ही बाबतीत द्यावी, तिची तयारी बोर्डाशी बरीच जुळते.

सागरमाळ
दुसऱ्याचं: जॅममधून आयआयटीची दोन वर्षांची एमएस्सी मिळाली, किंवा बंगळुरूच्या आयआयएस्सीचं इंटिग्रेटेड पीएचडी मिळालं, तर तीन वर्षांनी बाहेर पडावं. एनआयटीही जॅमच्याच गुणांवर घेतात, सीसीएमएन नावाच्या एकत्रित फेरीतून, तो अर्ज वेगळा भरावा लागतो आणि बरेच जण विसरतात. यातलं काहीच नाही जमलं तर चौथं वर्ष करावं आणि पुन्हा जॅम द्यावी. चार वर्षांना ७५ टक्के असतील तर नेटलाही बसता येतं, आणि एमएस्सी पुढं एका वर्षाची होते. निर्णय तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये, निकाल हातात आल्यावर.

बिंदूचौक
एप्सिलॉन_राव, क विभागातला एखादा नमुना टाका ना, भाचीबाईंसोबत आम्हीपण बघतो.

एप्सिलॉन_राव
एस-५ मध्ये (पाच वस्तूंचे सगळे क्रमबदल) ऑर्डर २ चे (दोनदा केले की सगळं जागेवर येतं असे) घटक किती?

पेठेतला_पैलवान
१०. पाचातून दोन निवडायचे.

एप्सिलॉन_राव
ते नुसते अदलाबदलीचे. दोन वेगळ्या अदलाबदली एकदम केल्या तरी ऑर्डर २ च, त्या १५. उत्तर २५. या एका चुकीवर दरवर्षी दोन गुण जातात. आता एस-६ मध्ये ऑर्डर ६ चे सांगा.

गंगावेश_नाका
१२०. सहाचं एकच चक्र, पाच फॅक्टोरियल.

प्राजक्ता_कागल
तीनचं चक्र आणि दोनचं चक्र एकत्र राहिलं, लसावि ६ च येतो. तेही ७२० भागिले ६ म्हणजे १२०. एकूण २४०.

एप्सिलॉन_राव
बरोबर.